टोपड्याचे दोन गोंडे

पाचवीच्या यादीत मी वरवंटा लिहिला होता आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं, कारण आमच्या घरात वरवंटा नाही. बहिणीच्या सासूबाईंना फोनवर तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काय मिक्सर पुजायचा का सटवाईपुढं?" आणि कराडकडच्या त्यांच्या गावाहून वसईला येताना जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी वरवंटा आणला. एसटीत शेजारच्या माणसाच्या पायावर पडता पडता वाचला म्हणे. तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवताना त्यांनी माझ्या फ्रिजकडे पाहिलं. फ्रिजच्या दारावर याद्या होत्या: किराणा, औषधं, बाळाचे कपडे, फोन करायची माणसं.

"एवढं लिहून ठेवायचं तर लक्षात काय ठेवता हो तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"यादी कुठे ठेवलीय ते," मी म्हटलं.

माझी बहीण माझ्याहून पुष्कळ लहान. आई गेली तेव्हा ती कॉलेजात होती, म्हणून तिचं माहेर म्हणजे माझाच फ्लॅट. पहिलं बाळंतपण माहेरी, तर ते माझ्याकडे. ती पुण्याहून सातव्या महिन्यात आली. जावई तिकडेच नोकरीवर, शनिवार-रविवार येणारे. मला कामाचं ओझं वाटत नाही, उलट काम समोर मांडून ठेवलेलं असलं की बरं वाटतं. दवाखाना ठरवला, रक्तगट शोधून ठेवला, पाण्याची टाकी कुठल्या दिवशी अर्धीच भरते ते तिला सांगून ठेवलं.

आठव्यात तिचे पाय सुजले. सगळ्यांचे सुजतात, म्हणून आम्ही आमच्या ह्यांच्या चपला तिला दिल्या. मग बोटातली अंगठी रुतली, ती साबण लावून काढावी लागली. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी बीपी दोनदा मोजलं, हात बदलून पुन्हा मोजलं, लघवी तपासायला पाठवली आणि गोळ्या चालू केल्या. बाळाची वाढ थोडी मागे आहे, त्याचं कारणही हेच, असं त्या म्हणाल्या. घरी मोजायला मशीन आणलं. सकाळ-संध्याकाळ पट्टा दंडाला बांधायचा आणि आकडा लिहायचा, हे काम मी आनंदाने घेतलं.

हे सगळं सासूबाईंना फोनवर सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "दिवसांचं बीपी आहे ते. दिवस गेले तेव्हा आलं, दिवस भरले की जाईल."

शब्द इतका चपखल होता की घरात तोच रूढ झाला. दिवसांचं बीपी. मालीश करायला येणाऱ्या मावशींनीही तो उचलला, आमचे हेही तेच म्हणू लागले. मराठीत गरोदरपणाला 'दिवस' म्हणतात, त्यामुळे वाक्य आपोआप पूर्ण होतं. दिवस संपले की दिवसांचं सगळं संपलं. कुणाला त्यात शंका घ्यावीशीच वाटत नाही. म्हण बरोबर वाटते, कारण ती जुळते.

दिवस पुरे भरण्याआधीच सिझर करावं लागलं. मुलगा झाला, अगदी बारका. त्याचे तळपाय माझ्या अंगठ्याएवढे. दोन दिवस तो काचेच्या पेटीत होता आणि आम्ही काचेबाहेर. मग दूध ओढायला लागला, वजन थांबलं होतं ते हललं, आणि पेटीतून बाहेर आला. मी कुटुंबाच्या ग्रुपवर तो संदेश टाकला जो सगळेच टाकतात: बाळ-बाळंतीण सुखरूप. वरच्या माळ्यावरच्या शेजारणीपासून सावंतवाडीच्या आत्यापर्यंत सगळ्यांचे अंगठे आणि बदाम आले. एकाच जोडशब्दात दोन माणसं बसवलेली असतात आणि एकाच विशेषणात दोघांचं भागवलेलं असतं. त्या वेळी मला त्यात काही खटकलं नाही. लोक विचारतही होते ते बाळाचं वजन आणि नाक कुणासारखं आहे ते.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी गोळ्या चालू ठेवायला आणि बीपी मोजत राहायला सांगितलं होतं. बहिणीने गोळी एक दिवस घेतली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, दुधात उतरत असेल ना हे? तो आधीच एवढासा आहे."

"डॉक्टरांना विचारूया," मी म्हटलं.

"विचारायचं काय त्यात?" सासूबाई बाळाला मांडीवर थोपटत म्हणाल्या. "दिवसांचं बीपी दिवसांबरोबर गेलं. आता तिला खाऊ द्या चांगलं. अळीव, डिंक, शेपू. गोळ्यांनी दूध आटतं, मी बघितलंय."

तिने गोळ्यांची पट्टी उशीखाली सरकवली. मशीन त्याच दिवशी कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं, कारण खाली दुपटी, लंगोट आणि तेलाच्या बाटल्यांना जागा हवी होती. घरात बाळ आलं की जागेची वाटणी नव्याने होते. त्यात आईचं सामान सगळ्यात आधी वर जातं.

पाचवा दिवस दवाखान्यातच उलटून गेला होता, म्हणून पाचवी आठव्या दिवशी घरी करायची ठरली. त्या दिवशी सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं. रात्रभर जागरण, तेव्हा दुखणारच. मालीशवाल्या मावशी चांदीपकडच्या. रोज दोन वाहनं बदलून यायच्या आणि आल्या आल्या माझ्या चहाला नावं ठेवायच्या. त्यांनी बाळाला तेल लावलं, धुरी दिली, मग हिच्या टाळूवर तेल थापलं आणि डोक्याला फडकं करकचून आवळलं.

"डोक्यात वारा भरलाय हिच्या," त्या म्हणाल्या. "पंखा बंद कर, ताय. न् गार पानी देऊ नको."

"मावशी, फडकं घट्ट झालंय, त्यानेच दुखतंय," बहीण म्हणाली.

"सैल बांधला तर वारा जाल कुठून? आतच फिरल."

ह्यावर आम्ही सगळ्या हसलो. जेवल्यावर तिला बरगड्यांखाली दुखू लागलं. ते डिंकाच्या लाडवांवर गेलं. सासूबाईंचे लाडू खरोखरच लहान मुलाच्या चेंडूएवढे असायचे. डोकेदुखीला वारा, पोटदुखीला लाडू, सुजेला बाळंतपण. प्रत्येक दुखण्याला घरात एक उत्तर तयार होतं आणि प्रत्येक उत्तर वेगळं होतं, म्हणून त्या सगळ्यांची बेरीज कुणी केली नाही.

संध्याकाळी पाट मांडला. तांदळाची रास, त्यावर वरवंटा, हळदकुंकू, बाजूला कोरा कागद आणि पेन. त्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून कागद कोरा ठेवायचा. "पेन चालतंय का बघा आधी," सासूबाईंनी मला बजावलं. "नाहीतर पोराचं नशीब अर्धवट राहायचं." मी पेन हातावर ओढून पाहिलं. चालत होतं.

बाळासाठी मी टोपडं शिवलं होतं. पांढऱ्या मलमलचं, दोन्ही कानांवर लोकरीचा एकेक गोंडा. पहिला गोंडा झाल्यावर लाल लोकर संपली. दुकानात जायला वेळ नव्हता, म्हणून दुसरा डब्यात सापडलेल्या राणी रंगाच्या लोकरीचा केला. ट्यूबलाइटमध्ये फरक कळत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. टोपडं घालून बाळाला बहिणीच्या मांडीवर दिलं. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ताई, एकच गोंडा लावलास होय गं? दुसरा राहिला का तुझ्या यादीतून?"

सासूबाई खो खो हसल्या. "यादीवाल्या बाईंचं बघा आता! गोंडा विसरल्या!"

मलाही हसू आलं. मी वाकून पाहिलं, दोन्ही गोंडे जागेवर होते. मी राणी रंगाचा गोंडा चिमटीत धरून हलवला. "हा काय मग?"

"कुठे?"

"हा. हा हलवतेय तो."

तिने मान संपूर्ण वळवली, एखादी वस्तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखी, आणि मग म्हणाली, "अरे, आहे की. आत्ता नव्हता."

मी गोंडा सोडला आणि तिच्या चेहऱ्यासमोर बोट धरून बाजूला नेलं. उजवीकडे ती बोटाबरोबर आली. डावीकडे बोट गेलं आणि तिची नजर तिथेच राहिली, वाटेत सोडून दिल्यासारखी. डोळे उघडे, स्वच्छ, काजळ घातलेले.

मी स्टूल घेऊन कपाटाच्या वरच्या फळीवरून मशीन काढलं. सासूबाई म्हणत होत्या, "पूजा तरी होऊ दे, मग मोज." पट्टा फुगला, सुटला, आणि आकडा आला. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे होता. मशीन बिघडलं असेल म्हणून मी ते स्वतःच्या दंडाला लावलं. माझं बीपी नेहमीसारखं आलं. मग डॉक्टरीणबाईंना फोन केला. आकडा सांगितला, डोकं सांगितलं, पोट सांगितलं, गोंडा सांगितला. गोंड्याचं सांगताना मला जरा वेडगळ वाटलं. त्या मात्र तिथेच थांबल्या.

"बाजूचं दिसत नाहीये? पूजा-बिजा राहू दे. तशाच निघा. मी पुढे कळवते."

आमचे हे गाडीची किल्ली शोधत होते. बहीण कोचावरून उठायला गेली, म्हणाली, "पोटात कसंतरी होतंय," आणि तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मग सगळं अंग ताठ झालं आणि हातपाय झटकू लागले. बाळ त्याच्या आधी क्षणभरच माझ्याकडे आलं होतं. ते सासूबाईंच्या हातात कोंबून मी तिला कुशीवर वळवलं आणि पाट पायाने लांब ढकलला. वरवंटा गडगडत टीव्हीखाली गेला.

"आकडी आली गं! कांदा आणा, कांदा हुंगवा!" सासूबाई ओरडल्या. एका हाताने बाळाला छातीशी धरून दुसऱ्या हाताने त्यांनी दाराच्या खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा ओढला आणि हिच्या मुठीत कोंबला. मुठीत लोखंड असलं की आकडी सुटते, म्हणून. आमचे हे चमचा घेऊन आले.

"चमचा नको. तोंडात काही घालायचं नाही," मी म्हटलं. "किल्ल्या राहू द्या."

गाडीची किल्ली त्याच जुडग्यात होती. आकडी ओसरली तरी मूठ उघडत नव्हती. ह्यांनी एकेक बोट सोडवून किल्ली काढली. हे दृश्य मला अजून आठवतं: एक माणूस मेव्हणीची बोटं उलगडतोय, हळूच, झोपलेल्या मुलाच्या हातातलं खेळणं काढावं तशी. तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून लिफ्टने खाली नेलं. बाळ सासूबाईंजवळ राहिलं. दार बंद होताना त्या एवढंच म्हणाल्या, "माझी पोर परत आणा." पोर म्हणजे सून. लग्नाला चार वर्षं झाली होती. तोपर्यंत त्या तिला 'तुमची बहीण' म्हणत.

रुग्णालयात सगळं तयार होतं. दोन्ही कुल्ल्यांत खोल इंजेक्शनं दिली, मॅग्नेशियमची, पुन्हा आकडी येऊ नये म्हणून. हाताच्या शिरेतून बीपी उतरवणारं औषध चालू केलं. डॉक्टरीणबाई नंतर बाहेर येऊन आमच्याशी बोलल्या. गरोदरपणात वाढलेलं बीपी बाळंतपणानंतर लगेच उतरतंच असं नाही, त्यानंतरचे काही दिवस उलट चढू शकतं. झटका दिवस भरण्याआधी येतो, कळांमध्ये येतो आणि बाळ घरी आल्यावरही येतो. "लोकांना वाटतं, बाळामागून वार पडली, आता सुटली," त्या म्हणाल्या. "वार पडली की सुटका सुरू होते, पुरी होत नाही."

बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी एक बाई बसली होती. जिल्ह्याच्या डोंगराकडच्या भागातून रुग्णवाहिकेतून आलेली. तिच्या मुलीला आठव्या महिन्यात घरीच झटके आले होते. बाटली तोंडाला लावून पाणी पिता पिता तिने विचारलं, "तुमची पन आकडीचीच का?"

"हो. बहीण आहे."

"पोर हाय?"

"घरी आहे. मुलगा."

तिने बाटलीचं बूच लावलं. "आमची पोरगी हाय. नातू नाय रायला." थोड्या वेळाने म्हणाली, "तिला अजून सांगतला नाय. उठली का इचारल."

माझ्यासारख्या कामसू बाईला कामाशिवाय काही सुचत नाही. मी जाऊन दोन चहा घेऊन आले. तिने चहा घेतला आणि म्हणाली, "साखर कमी हाय," आणि सगळा प्यायली. त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा नीट कळलं की 'बाळ-बाळंतीण' हा शब्द मधोमध तुटू शकतो. तिचा एका बाजूने तुटला होता. आमचा दुसऱ्या बाजूने तुटेल की काय, हे अजून ठरायचं होतं.

बहीण दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आली. तोवर जावई पुण्याहून आले होते. ते घरी बाळाला बघून यायला गेले होते आणि मी आत होते. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. तिने माझा आवाज ओळखला, हात पुढे केला, माझ्या कोपराला लागला.

"ताई, लाईट गेली का?"

वसईत हा रोजचा प्रश्न आहे. माझ्या तोंडून रोजचं उत्तर जवळजवळ निघालं, "येईल आत्ता." मी ते गिळलं.

"लाईट आहे. सकाळ झालीय."

मग तिने डोळ्यांपुढे स्वतःचा हात धरला, बोटं हलवली. मी पाहत होते. तिला काही दिसत नव्हतं, हे तिच्याआधी मला कळलं, आणि मग तिला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिलं, डोक्याचा स्कॅन झाला. डोळे ठीक आहेत, असं सांगितलं. बीपी एकदम चढल्याने मेंदूच्या मागच्या बाजूला सूज आली आहे आणि डोळ्यांनी पाहिलेलं जिथे समजतं ती जागा सध्या बंद पडली आहे. बहुतेकांचं परत येतं. "बहुतेकांचं" म्हणताना डॉक्टरीणबाई जावयांकडे बघत होत्या, कारण त्यांचा चेहरा पडला होता. "रक्तस्राव नाही, हे फार चांगलं. पण मी तारीख सांगणार नाही."

तारीख नाही म्हणजे यादी नाही. मला काय करावं कळेना. मग जे होतं ते करायचं ठरवलं: औषधं चालू असताना बहिणीचं पंपाने काढलेलं दूध फेकायचं की बाळाला चालेल, ते विचारून घेतलं, चालेल म्हणाले, तेव्हा बाटली बर्फात घालून घरी नेली. सासूबाई बाळाला वाटी-चमच्याने पाजत बसल्या होत्या. पाट तसाच होता, कोरा कागदही. त्यांनी तो उचलला नव्हता आणि मलाही उचलू दिला नाही. टीव्हीखालचा वरवंटा मात्र धुऊन ओट्यावर ठेवला होता.

"दिसतंय का तिला?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. "मी म्हणाले होते, दिवसांबरोबर जातं. माझं गेलं होतं. मला काय माहीत, प्रत्येकीचं नाही जात?" मग लगेच बाळाला, "गिळ रे राजा, बघत काय बसलास." मला वाटतं, त्या बाईला त्या वेळी कुणी काही बोलण्याची गरज नव्हती. मी टोपडं मागितलं. त्यांनी ते बाळाच्या डोक्यावरून काढून दिलं आणि त्याला माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळलं.

बहिणीने टोपडं आधी नाकाशी नेलं. त्याला वेखंडाचा, तेलाचा आणि आंबट दुधाचा वास येत होता. मग ते बोटांनी चाचपलं. शिवण, नाडी, एक कान, गोंडा. दुसरा कान, गोंडा.

"दोन आहेत," ती म्हणाली. "मी उगाच तुझ्या शिवणाला नावं ठेवली."

ती हे हसत म्हणाली आणि नंतर बराच वेळ टोपडं तोंडावर ओढून पडून राहिली. नर्सने येऊन ते बाजूला करायला सांगितलं. त्यानंतर ते तिच्या उशाशी राहिलं. नाडी तिच्या करंगळीला बांधलेली होती, म्हणजे हात हलला की सापडावं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तिला खिडकी कुठे आहे ते कळायला लागलं. काळ्याऐवजी राखाडी, असं म्हणाली. संध्याकाळी नर्सचा पांढरा पोशाख हललेला कळला. जावई उत्साहाने बोटं दाखवून "किती?" विचारत बसले, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "शाळेत बसल्यासारखं वाटतंय, जरा गप्प बसा." वैताग आला म्हणून मला आशा वाटली.

त्याच्या पुढच्या सकाळी मी गेले तेव्हा ती अर्धी उठून बसली होती. टोपडं मांडीवर होतं आणि ती मान खाली घालून त्याच्याकडे बघत होती. मी दारातच थांबले. तिने वर न पाहता विचारलं, "ताई, लोकर संपली होती का गं?"

"कसली लोकर?"

"हा लाल आहे. आणि हा राणी."

बोटांना दोन गोंडे आहेत एवढंच कळतं. रंग कळायला डोळे लागतात. मी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. "हो," मी म्हटलं, "संपली होती. वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही."

"न यायला काय झालं? किती भडक आहे हा."

त्या दिवशी जावयांनी ग्रुपवर लिहायला फोन काढला. काय लिहू, असं मला विचारलं, कारण असली कामं माझी. मी म्हटलं, तिला दिसतंय एवढंच लिहा. जे खरं होतं तेवढंच.

घरी आल्यावर गोळ्या चालू राहिल्या. मशीन खालच्या फळीवर आलं आणि लंगोट वर गेले. बीपी उतरायला आठवडे लागले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पुढचं मूल हवं असेल तर आधी भेटा, नको असेल तरी दरवर्षी बीपी तपासा. एकदा असं झालेल्या बाईने पुढे जन्मभर त्याच्याकडे लक्ष ठेवायचं असतं. पुढच्या मुलाचं तिने अजून ठरवलेलं नाही. कधी हो म्हणते, कधी नाही, आणि मी ह्या बाबतीत तोंड उघडत नाही. भाचा आता माझ्या फ्रिजवरच्या याद्या ओढून फाडतो. बारका होता तो अजूनही जरा बारकाच आहे, पण धावतो. बाकावरच्या बाईच्या मुलीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. आम्ही निघालो तेव्हा ती झोपली होती आणि आई पायाशी बसून तिची नखं कापत होती.

सासूबाई आता त्यांच्या गावात दिसेल त्या बाळंतिणीला धरून बीपी मोजायला लावतात. दिवसांचं बीपी दिवसांबरोबर जातं ह्यावर विश्वास ठेवू नका, असं सांगतात, आणि ते वाक्य कुणाचं होतं हेही न लपवता सांगतात. "माझंच डोकं, दुसरं कुणाचं!"

मी टोपडी शिवते. सवयच लागली. ओळखीत कुणाकडे बाळ झालं की एक घेऊन जाते, नेहमी एक गोंडा लाल आणि एक राणी. ह्याने निदान होत नाही, हे मला माहीत आहे. निदान मशीनने होतं आणि तेही मी पिशवीत नेते. परवा भुईगावला ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी गेले. तिच्या मुलीला मुलगी झाली होती. ओटीवर पाहुणे, केळीच्या वाडीतून येणारा वारा अडवायला लावलेला पडदा, आणि सगळे पाळण्याभोवती.

"या या, बाळ इकडे आहे," मैत्रीण म्हणाली.

"बाळ बघते नंतर. तुझी मुलगी कुठाय?"

ती आत एकटी पडली होती. मी जाऊन शेजारी बसले. डोकं दुखतंय का, पोटात वर दुखतंय का, डोळ्यांपुढे काही चमकतं का, विचारलं. तिला आश्चर्य वाटलं. म्हणाली, "मावशी, तुम्ही पहिल्याच आलात आत. बाकी सगळे तिलाच विचारतात." मी दंडाला पट्टा बांधला. आकडा चांगला आला. मग टोपडं तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, एका कानावरून दुसऱ्या कानावर बोट फिरवलं, आणि भिडस्तपणे हसली.

"छान आहे. पण मावशी, ह्याचा एक गोंडा वेगळ्या रंगाचा लागलाय."

"लागू दे," मी म्हटलं, आणि बाळ बघायला बाहेर गेले.